डावीकडची ओढ

तन्वेशने दहा मीटरची वायर मागवली तेव्हा
आईने विचारलं, एवढ्या लांब काय बांधायचंय, म्हैस?
आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरपासून
उंबरठ्यावरून, देव्हाऱ्याच्या कडेने,
चपलांच्या रॅकमागून
ती हॉलमधल्या टीव्हीला पोचली
आणि तरी दीड मीटर उरली.
ती अजून खिळ्याला टांगलेली आहे.

कंट्रोलर दोन.
काळा धड, तो तन्वेशचा.
राखाडी म्हापशाच्या कुणाकडून जुना घेतलेला,
त्याची काडी हात न लावता
डावीकडे कलते.
मी खेळले की भिंतीत.
शेजारचा जोव्हितो खेळला की थेट समुद्रात.
तन्वेशने फुंकर मारली, स्पिरिट घातलं,
मोबाइलवर बघून बघून उघडला,
मिटवला तेव्हा एक स्क्रू हातात.
काडी डावीकडेच.

मग एका रविवारी
जोव्हितो चर्चमधून यायचा होता,
दुसरा गडी नाही, म्हणून पप्पांच्या हातात दिला.
पप्पांनी कोपरं मांड्यांवर टेकवली,
अंगठा काडीवर ठेवला, आणि थांबले.
तीन, दोन, एक होऊन गेलं,
बाकीच्या गाड्या वळणापार,
पप्पा अजून थांबलेले
नाडी बघावी तसे.
"उदकाक ओड आसा," म्हणाले,
आणि अंगठा केसभर उजवीकडे धरून
निघाले.

सव्वीस वर्षं.
सारमानसच्या धक्क्यावर खनिज भरायचं,
काठोकाठ पाणी येईस्तोवर बार्ज खाली बसायची,
मग मांडवीतून मुरगाव.
पावसाळ्यात आग्वादचं तोंड बंद,
तेव्हा कुंभारजुव्याच्या कालव्यातून,
जिथे वळण आहे, मगर आहे, ओहोटीला गाळ आहे
आणि ब्रेक नाही.
खाणी थांबल्या. बार्ज काठाला गंजली,
पुढे किलोवर गेली.
आलेल्या पैशांतून पप्पांनी हा टीव्ही घेतला,
त्रेचाळीस इंची,
आणि त्याच्यासमोर बसून ते
बहुतेक खिडकीकडे बघायचे.

आता टीव्हीचे दोन तुकडे.
वर तन्वेश, खाली पप्पा.
वरची गाडी किंचाळत वळते,
खालची वळणाच्या कितीतरी आधी
वळायला लागलेली असते.
पप्पा कधीच पहिले येत नाहीत.
आपटतही नाहीत.
जोव्हितो म्हणतो, अंकल, चालवताय की पार्क करताय?
पप्पा म्हणतात, बाराशे टन आहे मागे.

चवथीला तन्वेशने पहिल्या पगारातून
नवा कंट्रोलर आणला. खोका, प्लास्टिक, वॉरंटी कार्ड.
काडी बरोब्बर मधोमध.
पप्पांनी अंगठा ठेवला
आणि पहिल्याच सरळ रस्त्यावर
उजवीकडच्या भिंतीत.
पुन्हा. उजवीकडे. पुन्हा.
आम्ही हसलो, जोव्हितो तर सोफ्यावरून खाली.
पप्पाही हसले, मग त्यांनी
तो पालथा करून पाहिला.
"हें मेल्लें उदक," म्हणाले.
"तें पोरणें खंय आसा?"

तन्वेशने तो भंगारात काढला होता.
आईने नव्हता जाऊ दिला.
शिवणाच्या डब्यातून बाहेर आला,
शेपटी गुंडाळलेली,
एका बटणाला केशरी दोरा.

रात्री मी टीव्ही बंद करायला उठते
तर कधी पप्पा तिथेच झोपलेले,
कंट्रोलर पोटावर.
पडद्यावर गाडी उभी, इंजिन गुरगुरतंय,
आणि कुणी धरलेलं नसताना
पुढची चाकं डावीकडे वळून राहिलेली,
दोराला ताण देणाऱ्या होडीसारखी.

आई आतून विचारते, बंद केलंस गो?
केलं, म्हणते मी,
आणि तो अलगद उचलून
अंगठा केसभर उजवीकडे धरते.
केसभर म्हणजे किती, ते पप्पांनी कधी सांगितलं नाही.
थोडं जाते. अजून थोडं.
भिंत.